न्यू डीलने महामंदी संपवली का? रूझवेल्ट यांच्या आर्थिक सुधारणांविषयी एका प्रश्नाचे उत्तर

आपला प्रश्न असा आहे : एका पाठ्यपुस्तकात अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या ‘न्यू डील’ने अमेरिकेतील महामंदी संपवली असे लिहिले आहे, दुसऱ्यात ती दुसऱ्या महायुद्धामुळे संपली असे आहे, आणि इंटरनेटवरील एका लेखात तर न्यू डीलमुळेच मंदी लांबली असे ठामपणे म्हटले आहे; तेव्हा स्पर्धा परीक्षेच्या उत्तरात कोणते खरे मानावे, आणि आपल्याकडे तशी वेळ आली तर तेच उपाय चालतील का. मी बरीच वर्षे बँक तपासणीचे काम केले आणि पुढे बँक अधिकाऱ्यांना पैसा व बँकव्यवहार हा विषय शिकवला. त्यामुळे माझे उत्तर बँकांच्या बाजूला अधिक झुकलेले असेल, हे आधीच सांगून ठेवतो. कामगार चळवळीचा किंवा शेतीचा अभ्यासक याच काळाकडे वेगळ्या जागेवरून पाहील आणि त्याचेही म्हणणे चुकीचे नसेल.

तिन्ही विधाने एकमेकांविरुद्ध दिसतात याचे मुख्य कारण असे की न्यू डील नावाची एकसंध योजना कधी अस्तित्वातच नव्हती. १९३३ ते १९३८ या काळात घेतलेल्या डझनावारी निर्णयांना ते एक नाव मिळाले. त्यातील काही निर्णय कोसळणारी अर्थव्यवस्था थांबवण्यासाठी होते, काही उपाशी माणसांच्या हाती महिनाअखेर चार पैसे पडावेत यासाठी होते, काही पुन्हा असे घडू नये म्हणून केलेले कायमचे बदल होते आणि काही तर एकमेकांना छेद देणारे होते. त्यामुळे ‘न्यू डील यशस्वी झाली का’ असे विचारण्याऐवजी कोणत्या उपायाने नेमके काय घडले, असे विचारले की गोंधळ बराच कमी होतो. माझे स्वतःचे मत असे की सावरण्याची सुरुवात सरकारी खर्चामुळे झाली नाही. ती बँका आणि सोने यांविषयीच्या पहिल्या काही आठवड्यांतील निर्णयांमुळे झाली. सरकारी खर्चाचे महत्त्व वेगळे होते आणि ते पुढे सांगतो.

आधी खड्डा किती खोल होता ते पाहू. १९२९ मध्ये अमेरिकेचे राष्ट्रीय उत्पन्न चालू किमतींनुसार सुमारे १०४ अब्ज डॉलर होते, ते १९३३ मध्ये सुमारे ५७ अब्जांवर आले. घसरलेल्या किमतींचा परिणाम वजा केला तरी प्रत्यक्ष उत्पादन एक-चतुर्थांशाहून अधिक घटले होते आणि दर चार कामगारांपैकी एक बेरोजगार होता. पण माझ्या मते या आकड्यांपेक्षाही किमतींची घसरण अधिक घातक होती, कारण किमती उतरतात तेव्हा कर्जाचा आकडा मात्र उतरत नाही. १९२९ मध्ये कापसाचा भाव पौंडाला १७ सेंटांच्या आसपास होता. त्या भावाने १,००० डॉलरचे कर्ज फेडायला शेतकऱ्याला सुमारे ५,९०० पौंड कापूस विकावा लागला असता. १९३१–३२ मध्ये भाव ६ सेंटांपर्यंत घसरला आणि त्याच कर्जासाठी साडेसोळा हजार पौंडांहून अधिक कापूस लागू लागला. कर्ज तेच, कागद तोच, पण ओझे जवळजवळ तिप्पट झाले. शेतकरी थकला की गावातील बँकेचे येणे थकते, येणे थकले की ठेवीदार घाबरतो, तो रोख काढून घेतो, बँक नवी कर्जे थांबवते आणि किमती आणखी खाली जातात. हे चक्र फिरू लागले की काटकसरीने ते थांबत नाही, उलट त्याला वेग येतो.

या चक्राला सुवर्णमानाने आणखी बांधून ठेवले होते. डॉलरची किंमत एका औंस सोन्याला २०.६७ डॉलर अशी ठरलेली होती आणि ती टिकवणे हे मध्यवर्ती बँकेचे पहिले कर्तव्य मानले जाई. सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटनने पौंडाचे सोन्याशी असलेले बंधन सोडल्यावर आता डॉलरचीही तीच गत होईल या भीतीने अमेरिकेतून सोने बाहेर जाऊ लागले, तेव्हा फेडरल रिझर्व्हने (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने) ऑक्टोबरमध्ये आपला व्याजदर दीड टक्क्यावरून साडेतीन टक्क्यांवर नेला. बँका धडाधड बुडत असताना पैसा महाग करण्यात आला. सोने वाचवण्याच्या दृष्टीने ते तर्कशुद्ध होते, देशाच्या दृष्टीने नव्हे.

रूझवेल्ट नोव्हेंबर १९३२ मध्ये निवडून आले, पण त्या काळच्या नियमाप्रमाणे शपथविधी ४ मार्च १९३३ रोजी होता. मधल्या चार महिन्यांत जुन्या अध्यक्षांकडे अधिकार होते पण वजन उरले नव्हते, आणि नव्याकडे वजन होते पण अधिकार नव्हते. १४ फेब्रुवारीला मिशिगनच्या गव्हर्नरने राज्यातील सर्व बँका बंद केल्या. ती भीती शेजारच्या राज्यांत पसरली आणि शपथविधीच्या दिवसापर्यंत बहुतेक राज्यांत बँका बंद तरी होत्या किंवा ठेवी काढण्यावर मर्यादा तरी होती. १९३० पासून तोवर हजारो बँका बुडालेल्या होत्या, आणि त्या ठेवींवर कोणताही राष्ट्रीय विमा नव्हता.

इथे पहिला मोठा निर्णय झाला. ६ मार्चला रूझवेल्ट यांनी देशातील सर्व बँका सक्तीने बंद ठेवण्याची घोषणा केली. त्यासाठी आधार घेतला तो १९१७ च्या, शत्रूशी व्यापार रोखण्याच्या युद्धकालीन कायद्याचा. ९ मार्चला आणीबाणीचा बँकिंग कायदा एकाच दिवसात दोन्ही सभागृहांतून पार पडला. प्रतिनिधिगृहात त्यावर जेमतेम चाळीस मिनिटे चर्चा झाली. या कायद्याने बँकांची वर्गवारी करण्याची, अडचणीतील बँकांवर व्यवस्थापक नेमण्याची, बँकांचे अग्रहक्क भाग (लाभांशात अग्रक्रम असलेले शेअर) विकत घेऊन त्यांना भांडवल देण्याची आणि बँकांच्या मालमत्तेच्या तारणावर नव्या नोटा पुरवण्याची सोय केली. रविवारी, १२ मार्चला रूझवेल्ट रेडिओवरून लोकांशी बोलले. बँक ठेवींचे काय करते, सगळ्यांनी एकाच दिवशी पैसे मागितले तर चांगली बँकही ते का देऊ शकत नाही, आणि उद्यापासून ज्या बँका उघडतील त्या का उघडतील, हे त्यांनी अगदी साध्या शब्दांत सांगितले. १३ मार्चला फेडरल रिझर्व्हची कार्यालये असलेल्या १२ शहरांतील, दुसऱ्या दिवशी समाशोधन गृहे (बँकांचे आपसांतील धनादेश वटवण्याची केंद्रे) असलेल्या शहरांतील आणि १५ मार्चपासून इतर ठिकाणच्या बँका उघडल्या. पैसे काढण्यासाठी रांगा लागतील ही भीती खोटी ठरली. लोक पैसे परत भरायला आले. घरात दडवलेल्या रोखीपैकी निम्म्याहून अधिक दोन आठवड्यांत बँकांत परतली. १५ मार्चला शेअर बाजार उघडला तेव्हा डाऊ जोन्स निर्देशांक एका दिवसात १५ टक्क्यांहून अधिक वाढला.

हे केवळ भाषणाच्या जोरावर घडले असे मानणे मला पटत नाही. तपासणीच्या कामात जे सतत दिसते ते असे : ठेवीदार ताळेबंद वाचत नाही, शेजाऱ्याचा चेहरा वाचतो. एखाद्या गावात एक बँक बंद पडली की तिच्या समोरची धडधाकट बँकही अडचणीत येते, कारण बाहेरून दोघींतील फरक कळण्याचा ठेवीदाराला मार्गच नसतो. १९३३ च्या त्या आठवड्यात सरकारने तो फरक करून दाखवला. ठणठणीत बँका लगेच उघडल्या, सुधारण्याजोग्या बँका देखरेखीखाली ठेवल्या आणि ज्यांच्यात काही उरले नव्हते त्या कायमच्या बंद केल्या. त्या घाईत प्रत्येक बँकेची कसून तपासणी झाली असेल यावर कोणताही तपासनीस विश्वास ठेवणार नाही. पण उघडलेल्या बँकेला नोटा कमी पडू दिल्या जाणार नाहीत हे कायद्यात लिहिलेले असल्यामुळे वर्गवारीतील चुकाही सहन झाल्या. शब्दामागे कायदा आणि कायद्यामागे रोख, या क्रमाने ते आश्वासन उभे होते. अशा प्रसंगी नुसते ‘घाबरू नका’ म्हटले तर लोक अधिक घाबरतात, हा कोणत्याही बँक अधिकाऱ्याचा अनुभव आहे.

न्यायाने आणखी एक गोष्ट सांगायला हवी. या योजनेचा बराचसा आराखडा मावळते अध्यक्ष हर्बर्ट हूवर यांच्या अर्थखात्यातील माणसांनी तयार केला होता आणि ती माणसे त्या आठवड्यात नवे अर्थमंत्री विल्यम वूडिन यांच्यासोबत बसून काम करत होती. बँकांत भांडवल ओतणारी पुनर्रचना वित्त संस्थाही हूवर यांच्याच काळात, १९३२ च्या सुरुवातीला स्थापन झाली होती. ‘हूवरने काहीच केले नाही’ हे पाठ्यपुस्तकी वाक्य म्हणून सोडून द्यावे. फरक पडला तो मुख्यतः सोन्याच्या प्रश्नावर.

बँका उघडल्याने घसरण थांबली असती, पण कर्जाचे वाढलेले ओझे तसेच राहिले असते. ५ एप्रिल १९३३ च्या आदेशाने नागरिकांना १ मेपर्यंत आपल्याजवळचे सोन्याचे नाणे, लगडी आणि सुवर्ण प्रमाणपत्रे (सोन्यात बदलून मिळणाऱ्या नोटा) जमा करायला सांगितले गेले. मोबदला जुन्याच दराने, औंसाला २०.६७ डॉलर. त्याच महिन्यात डॉलर सोन्यापासून मोकळा सोडण्यात आला. शरद ऋतूत सरकारने सोन्याचा खरेदी दर हळूहळू वाढवत नेला. हा दर काही काळ रूझवेल्ट सकाळी आपल्या शयनगृहात, पुढे अर्थमंत्री झालेल्या हेन्री मॉर्गेन्थाऊ यांच्याशी बोलून ठरवत असत, आणि एके दिवशी २१ सेंटांची वाढ ठरवताना त्यांनी ती तीन गुणिले सात असल्याने शुभ आहे अशी थट्टा केल्याची नोंद मॉर्गेन्थाऊ यांनी करून ठेवली आहे. नाणेनीतीचा हा नमुना विद्यार्थ्यांना मी अनुकरणासाठी कधी सांगितला नाही. जानेवारी १९३४ च्या सुवर्ण राखीव कायद्यानंतर दर ३५ डॉलरवर स्थिर झाला, म्हणजे सोन्याच्या मापाने डॉलर ४१ टक्क्यांनी स्वस्त झाला.

नागरिकांच्या बाजूने पाहिले तर यात अन्याय होता. लोकांकडून सोने जुन्या दराने घेतले आणि दरवाढीचा सुमारे २.८ अब्ज डॉलरचा नफा सरकारने ठेवला. सोन्यात परतफेड करण्याची करारांतील कलमे रद्द केली, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९३५ मध्ये ते पाच विरुद्ध चार मतांनी टिकवले. पण परिणाम मोठा होता. किमती आता घसरणार नाहीत, वाढतील, असे लोकांना वाटू लागले. उद्या स्वस्त मिळेल म्हणून थांबलेला ग्राहक आज खरेदी करू लागला, आणि मार्च ते जुलै १९३३ या चार महिन्यांत औद्योगिक उत्पादन निम्म्याहून अधिक वाढले. एवढ्या कमी अवधीत सरकारी बांधकामांचा पैसा बाजारात पोहोचलेलाच नव्हता. म्हणूनच सुरुवातीच्या वाढीचे श्रेय मी त्याला देत नाही. १९३३ च्या हंगामात कापूस १० सेंटांच्या आसपास गेला. वरच्या उदाहरणातील कर्जदाराला आता साडेसोळा हजारांऐवजी १० हजार पौंड पुरणार होते. (यातील काही वाढ लागवड कमी केल्यामुळेही होती.) अर्थतज्ज्ञ क्रिस्टिना रोमर यांनी १९९२ च्या आपल्या अभ्यासात पुढील वर्षांतील सावरण्याचे मुख्य कारण वाढता पैसापुरवठा हेच दाखवले आहे, आणि तो वाढला तो प्रामुख्याने युरोपातून आलेल्या सोन्यामुळे.

आता खर्चाकडे वळू. लोकांची समजूत अशी की रूझवेल्ट यांनी तिजोरी उघडून दिली. वास्तविक १९३२ च्या प्रचारात त्यांनी सरकारी खर्चात २५ टक्के कपातीचे वचन दिले होते आणि सत्तेवर आल्यावर २० मार्चलाच सरकारी पगार व माजी सैनिकांचे लाभ कापणारा कायदा केला. नंतर मदतीचा खर्च वाढला, तरी संघराज्य सरकारची तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ५ टक्क्यांच्या आसपासच राहिली, आणि त्याच वेळी राज्ये व शहरे कर वाढवत होती. एक-चतुर्थांशाहून मोठ्या खड्ड्यापुढे ही रक्कम अपुरी होती. अर्थतज्ज्ञ ई. कॅरी ब्राउन यांनी १९५६ मध्येच दाखवून दिले होते की तुटीच्या खर्चाचा उपाय तिशीच्या दशकात अपयशी ठरला तो निरुपयोगी होता म्हणून नव्हे, तर तो खऱ्या अर्थाने करूनच पाहिला गेला नाही म्हणून.

तरी या खर्चाला क्षुल्लक म्हणण्याची माझी तयारी नाही. रूझवेल्ट यांचे मदतकार्य-प्रमुख हॅरी हॉपकिन्स यांच्या हाताखालील नागरी कामांच्या योजनेने १९३३–३४ च्या हिवाळ्यात सुमारे ४० लाख लोकांना काम दिले. १९३५ पासूनच्या सार्वजनिक कामांच्या योजनेत आठ वर्षांत सुमारे ८५ लाख लोक कामाला लागले. मदतीची कसोटी मदत म्हणूनच लावली पाहिजे. १९३७ च्या बेरोजगारीचे दोन आकडे, सुमारे १४ आणि सुमारे ९ टक्के, आपल्या वाचनात आले असतील. त्यांतील फरक याच लोकांचा आहे. पहिल्या मोजणीत सरकारी मदतकामावरील माणूस बेरोजगार धरला जातो, दुसरीत रोजगारावर असलेला. न्यू डीलवर टीका करणारे बहुधा पहिला आकडा देतात आणि समर्थक दुसरा. उत्तरात कोणता आकडा घेतला ते स्पष्ट लिहावे.

‘न्यू डीलने मंदी लांबवली’ या मताला आधार मिळतो तो मुख्यतः जून १९३३ च्या राष्ट्रीय औद्योगिक पुनरुत्थान कायद्यामुळे. त्यात उद्योगांनी एकत्र बसून किमान किमती आणि वेतने ठरवावीत असे होते. हे नियम पाळतो हे दाखवणारे निळ्या गरुडाचे चिन्ह दुकानादुकानांवर लागले. मागणी नसताना उत्पादन रोखून किमती वाढवणे म्हणजे लक्षणावर उपचार करणे होते, आणि यामुळे सावरण्याचा वेग मंदावला हे मत मला बरेचसे मान्य आहे. मे १९३५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो रद्द केला. पण ही एक चूक संपूर्ण न्यू डीलच्या खात्यावर मांडणे योग्य नाही. शेतीच्या कायद्याने भाव सावरले खरे, मात्र लागवड कमी करण्याचा मोबदला जमीनमालकांना मिळाला आणि दक्षिणेतील अनेक कुळे, विशेषतः कृष्णवर्णीय, जमिनीवरून उठवली गेली.

मी विद्यार्थ्यांना सर्वाधिक वेळ १९३७ वर देत असे, कारण या साली जणू उलटा प्रयोग झाला. १९३३ ते १९३७ या काळात प्रत्यक्ष उत्पादन वर्षाला सरासरी ८ टक्क्यांहून अधिक वेगाने वाढले होते आणि १९२९ ची पातळी ओलांडली गेली होती. मंदी सरली असे समजून अंदाजपत्रक समतोल करण्यासाठी खर्च आवरला गेला, १९३६ मध्ये माजी सैनिकांना दिलेला बोनस पुन्हा मिळणार नव्हता, सामाजिक सुरक्षेची वेतनावरील कपात जानेवारी १९३७ पासून सुरू झाली. त्याच सुमारास फेडरल रिझर्व्हने ऑगस्ट १९३६ ते मे १९३७ या काळात तीन टप्प्यांत बँकांचे रोख राखीव प्रमाण (ठेवींपैकी बाजूला ठेवावा लागणारा हिस्सा) दुप्पट केले, आणि अर्थखात्याने डिसेंबर १९३६ पासून येणाऱ्या सोन्याचा पैसापुरवठ्यावर परिणाम होऊ नये अशी व्यवस्था केली. बँकांकडे पडून असलेली जादा रोख म्हणजे निरुपयोगी पैसा, असा अधिकाऱ्यांचा समज होता. बँकांच्या दृष्टीने ती जखमी आठवणीतून जपलेली शिल्लक होती. ती काढून घेतल्यावर त्यांनी पुन्हा कर्जे आवरून ती उभी केली. औद्योगिक उत्पादन सुमारे एक-तृतीयांश घटले. एप्रिल १९३८ मध्ये रूझवेल्ट यांनी नव्या खर्चाचा प्रस्ताव मांडला, सोन्याविषयीचे धोरण उलटवले गेले आणि त्याच वर्षी वाढ पुन्हा सुरू झाली. यात खर्चाचा वाटा किती आणि पैशाचा किती यावर आजही वाद आहे, कारण दोन्ही ब्रेक जवळजवळ एकदमच दाबले गेले आणि एकदमच सोडले गेले.

मग महायुद्धाचे काय? पूर्ण रोजगार युद्धकाळातच आला, हे निर्विवाद आहे. परंतु अमेरिका युद्धात उतरली डिसेंबर १९४१ मध्ये, आणि तोवर वाढीची बरीच वर्षे होऊन गेली होती. परीक्षेच्या दृष्टीने एवढे लक्षात ठेवावे : घसरण थांबली ती १९३३ च्या वसंतात बँका आणि सोने यांच्यामुळे, वाढ वेगवान होती पण खड्डा खोल असल्याने अपुरी पडली, १९३७ मध्ये धोरणानेच तिला पाडले, उरलेली बेरोजगारी युद्धखर्चाने संपली. ज्याने ‘वाढ किती झाली’ असे विचारले त्याला न्यू डील यशस्वी दिसते, ज्याने ‘किती लोक अजून बेकार होते’ असे विचारले त्याला अपयशी दिसते, आणि दोघांकडेही खरेच आकडे असतात.

सर्वाधिक टिकले ते कायमचे बदल. ऑगस्ट १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने निवृत्तिवेतन आणि बेरोजगारी विमा आणला, जरी शेतमजूर आणि घरकामगार त्यातून वगळल्याने बहुसंख्य कृष्णवर्णीय कामगार बाहेर राहिले. माझ्या क्षेत्रातील सर्वांत महत्त्वाचा बदल म्हणजे जून १९३३ च्या बँकिंग कायद्यातील ठेव विमा. गंमत अशी की रूझवेल्ट स्वतः त्याच्या विरोधात होते. त्यामुळे बेफिकीर बँकांना अभय मिळेल असे त्यांना वाटे. १ जानेवारी १९३४ पासून २,५०० डॉलरपर्यंतच्या ठेवींना संरक्षण मिळाले आणि त्या संपूर्ण वर्षात विमा असलेल्या केवळ नऊ बँका बुडाल्या.

याचा धागा आपल्यापर्यंत पोहोचतो. १९६० मध्ये पलाई सेंट्रल बँक आणि लक्ष्मी बँक बुडाल्यानंतर भारतात १ जानेवारी १९६२ पासून ठेव विमा सुरू झाला, तेव्हा मर्यादा १,५०० रुपये होती. फेब्रुवारी २०२० पासून ती ५ लाख रुपये आहे. तेव्हा ‘तेच उपाय चालतील का’ याचे उत्तर उपायागणिक बदलते. ठेव विमा आणि बँकांची प्रामाणिक वर्गवारी कुठेही चालते. सोन्याचा उपाय आपल्याला लागू नाही, कारण रुपया सोन्याला बांधलेला नाही आणि रिझर्व्ह बँकेला पैसा वाढवायला सोन्याची परवानगी लागत नाही. रोजगार हमीचा अनुभव महाराष्ट्राला सत्तरच्या दशकापासून आहे, त्यासाठी अमेरिकेकडे पाहण्याची गरज नाही. अडचण तेव्हा येईल जेव्हा मागणी घटलेली असतानाच तेल किंवा अन्नधान्य महागलेले असेल. १९३३ मध्ये किमती वाढवणे हेच उद्दिष्ट होते. आपल्याकडे मंदीतही डाळ आणि कांदा महागू शकतो, आणि तेव्हा पैसा सैल सोडायचा की आवळायचा हे ठरवणाऱ्याला रूझवेल्ट यांच्या पहिल्या शंभर दिवसांत फारसे मार्गदर्शन मिळणार नाही.